दारात थांबवलेलं गिऱ्हाईक

१४ सप्टेंबर

चि. ठकीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे, नाक मुरडू नकोस. गेल्या वर्षीचे महिने सरले तरी त्यांच्या पाठी कोऱ्याच आहेत. फोनवर तू "हो आत्या, बघते आत्या" म्हणतेस आणि ठेवला की सगळं हवेत विरतं. कागदावरचं निदान पुन्हा वाचता तरी येतं.

दुकानाची वेबसाइट गिऱ्हाइकाच्या नजरेने बघ आणि खरं खरं सांग, असं तू म्हणालीस. दादाने गाळा मागणाऱ्या बूटवाल्याला वर्षअखेरीस शब्द द्यायचं कबूल केलंय हे मला ठाऊक आहे. तोवर बाहेरगावच्या मागण्या सुरू झाल्या नाहीत, तर आपल्या बटणांच्या दुकानात बूट लागणार. तेव्हा तुला बरं वाटावं म्हणून मी गोड लिहिणार नाही.

वाचनालयात फुकट कॉम्प्युटर आहे, तिथे गेले. ग्रंथपाल बाईंनी पत्ता घालून दिला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. मी हात जोडून बसले. गोल फिरतोय, फिरतोय. बाई म्हणाल्या, सुरुवातीला काही चित्रफीत आहे, ती यायला वेळ लागतो. माझं मनातल्या मनात अख्खं स्तोत्र म्हणून झालं तरी ती आली नाही. शेवटी बाईंनी कुठेतरी दाबून मला आत नेलं.

आत पाऊल टाकते तोच एक चौकट तोंडावर आली. नाव लिहा, पत्ता लिहा, जन्मतारीख लिहा, मग तुम्हाला सवलत. अगं, मी अजून एक बटण पाहिलेलं नाही. देवसुद्धा दर्शनाआधी जन्मतारीख विचारत नाही. ती मिटवायची फुली इतकी बारीक की मला ती चौकटीवर बसलेलं चिलट वाटली.

पुढचं ऐक. अक्षरं राखाडी, मागचा रंगही राखाडी. बाईंना म्हटलं, चष्मा पुसून बघते. त्या म्हणाल्या, चष्म्याचा दोष नाही. बटणं कुठे आहेत ते कळेना. वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्यांच्या पोटात सगळं आहे म्हणे. मला वाटलं, रेघा शोभेच्या आहेत. त्या उघडल्या तर नावं काय, "क्षण", "स्पर्श", "धागे मनाचे". नावं फार गोड आहेत, पण तुझ्या काकांच्या कोटाचं वरचं बटण गेलंय, ते स्पर्शात शोधू की क्षणात? "लहान मुलांसाठी" दाबलं तर "लवकरच येत आहे". दुकानाचा फोन नंबर आणि वेळ शोधून शोधून दमले. सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात सापडली.

घरी येईपर्यंत मला आपलं जुनं दुकान आठवत होतं. तो लांबट बोळासारखा गाळा, दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर पुठ्ठा, त्यावर आतलं एकेक बटण शिवलेलं. आत काय आहे ते विचारावं लागत नसे. लहानपणी ती बटणं मी शिवलीत, पुठ्ठ्यातून सुई काढताना बोटं सोलायची. माझ्या वडिलांचा दंडक होता, गिऱ्हाईक गल्ल्यावर बटण ठेवेपर्यंत त्याला काही विचारायचं नाही. हातात कधीकधी मेलेल्या माणसाच्या कोटाचं बटण असतं, म्हणायचे, त्याला बोलायला वेळ लागतो.

तुझ्या वेबसाइटने मला फार बोलायला लावलं गं.

काका बरे आहेत. वेळेवर जेवत जा.

आत्या


२२ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि चिलटापाशी आले तेव्हा इतकी हसले की शेजारचा मुलगा उठून आला. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, तुझ्या आत्याला इथे नोकरीला ठेवू.

मी काय काय केलं ते सांगते. जन्मतारखेची चौकट काढून टाकली. अक्षरं काळी केली, मोठी केली. फोन नंबर आणि दुकानाची वेळ अगदी वर, पहिल्या ओळीत. "लवकरच येत आहे" होतं ते पुसलं. जे नाही ते दाखवायचंच कशाला. तीन रेघा काढल्या आणि नावं सरळ मांडली. शर्टाची बटणं, कोटाची, लोकरीच्या कपड्यांची. दुकानात खण आहेत तसेच.

फोनवर तू म्हणाली होतीस की सगळी बटणं एकाच पानावर मांड, म्हणजे एका नजरेत दिसतील. तेवढं जमणार नाही. भिंत एका नजरेत दिसते, कारण तू भिंतीसमोर उभी असतेस. फोनच्या पडद्यावर तेवढं ओतलं तर तो गुदमरतो आणि पुन्हा तो गोल फिरत बसतो. तेव्हा यात माझं ऐक.

आणि सुरुवातीची चित्रफीत राहू दे. ती मी हलकी करते, लवकर येईल असं बघते, पण काढणार नाही.

अजून एक. किती लोक येतात, किती वेळ थांबतात, ते मला इथे दिसतं. कोण ते दिसत नाही. बहुतेक जण दारातूनच परत जातात, तुझ्यासारखेच. पण दुकानाच्याच गावातून रोज सकाळी एकजण येतो. चित्रफीत शेवटपर्यंत बघतो, आत काहीच उघडत नाही आणि जातो. मला तो बूटवाला वाटतो. गाळा हातात यायच्या आधी आपला धंदा किती बसलाय ते बघत असणार. बाबांना यातलं काही बोलू नकोस.

ठकी


२९ सप्टेंबर

चि. ठकीस आशीर्वाद.

भिंतीचं म्हणणं पटलं. मी हट्ट सोडला. पुन्हा जाऊन पाहिलं, अक्षरं आता माणसात आली आहेत. कोटाच्या खणात काकांच्या बटणाचा भाऊ सापडला. दादाला कळवलंय, पाकिटात घालून पाठव म्हणून.

बूटवाल्यावर मात्र उगाच आळ घेऊ नकोस. सकाळी सकाळी त्याला दुसरे उद्योग नाहीत का? हा कोणीतरी भिडस्त गिऱ्हाईक असणार. आमच्या वेळी एक कारकून असाच रोज काचेपाशी उभा राहायचा. वडील म्हणायचे, त्याच्याकडे बघू नका, पळून जाईल. बऱ्याच दिवसांनी आत आला आणि सदऱ्याचं एक साधं पांढरं बटण मागितलं. त्याच्या घरी शिवून देणारं कोणी उरलं नव्हतं, वहिनीने तिथेच उभ्या उभ्या लावून दिलं. तर त्या सकाळच्या माणसाला असू दे दारात.

पण बाकीचे दारातून परत जातात त्याचं काय? गोल अजून फिरतोच आहे. पहिल्यापेक्षा कमी, पण फिरतो. आपल्या दाराला कधी कडी नव्हती आणि तू तिथे आडवा बाक टाकून ठेवला आहेस. असं काय आहे गं त्या चित्रफितीत? गाणं असेल तर काढ. दुकानाची फुशारकी असेल तर आधी काढ. तू हुशार आहेस, पण स्वतः केलेल्या कामावर माणसाचा जीव जडतो. पीठ सैल झालं तरी आपलीच पोळी म्हणून वाढायची, तशातली गत.

रागावलीस तर लिहून कळव, मनात ठेवू नकोस.

आत्या


१९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

उशीर झाला. रागावले नव्हते. दोन पत्रं लिहून फाडली.

चित्रफितीत आई आहे.

तिच्या शेवटच्या आजारपणाच्या आधी मी सुट्टीत घरी आले होते, तेव्हा नवीन फोन घेतला होता म्हणून सहज काढलेली. ती स्टुलावर बसून बटणं निवडतेय आणि बोलतेय. एवढंच आहे. तिचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज मात्र एवढाच.

तुला कळलं नाही कारण वाचनालयात ती उघडलीच नाही. आणि मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे बाळ. मग मला कळलं नसतं की खरंच राहू द्यावं का.

लोक का परत जातात ते मला समजतं, आत्या. माझं कामच ते आहे. दुसऱ्यांच्या दुकानांना मी रोज हेच सांगते, दारात चित्रफीत लावू नका, आपोआप आवाज सुरू करू नका, गिऱ्हाईक ताटकळतं. त्याचाच मला पगार मिळतो. पण आपल्या दुकानाच्या दारात ती नसेल तर ते दुकान कोणाचं? आत कुठेतरी नेऊन ठेवायची म्हणजे तिला माळ्यावर टाकल्यासारखं वाटतं. कापून लहान करायला बसते. कुठला शब्द कापू?

गेल्या आठवड्यात बाबांशी बोलले. बूटवाला गाळा मोजायला आला होता. एकटाच होता, म्हणून मोजपट्टीचं दुसरं टोक बाबांनीच धरलं. मला हे असं सांगितलं, जसं काही शेजाऱ्याचं कपाट सरकवायला मदत केली.

मागण्या अजून नाहीत. सकाळचा माणूस येतो.

ठकी


२४ ऑक्टोबर

चि. ठकीस,

तुझं पत्र आलं तेव्हा मी रोजचा जमाखर्च लिहायला बसले होते. तो तसाच राहिला. देवाजवळ दिवा लावला आणि थोडा वेळ तिथेच बसले. पोळीचं उदाहरण दिलं ते मनाला लावून घेऊ नकोस, मला काय माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेले आणि ग्रंथपाल बाईंना म्हटलं, तुमच्या फोनवर मला एक ऐकायचंय. त्यांनी कानात घालायचं ते दिलं आणि मग शहाण्या बाईसारख्या पलीकडच्या कपाटाकडे पुस्तकं लावायला निघून गेल्या.

वहिनी दिसली. तीच मान वाकडी करून बसायची तऱ्हा. मांडीवर ताट, ताटात मिसळलेली बटणं, आणि बोटं आपली चाललेली. आवाज ऐकला आणि मला वाटलं, आता ही विचारणार, वन्सं, चहा टाकू का. ती काय म्हणते ते तू शेकडो वेळा ऐकलं असशील. मी पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून असेल, मला शब्द ऐकू आले. ते इथे उतरवून पाठवते, वाच.

"अगं, माझं काय काढत बसलीस? बटणांचं काढ. लोक बटणं घ्यायला येतात, मला बघायला येत नाहीत. सरक, उजेड अडवू नकोस, ते बघ कोणीतरी आलंय."

आणि खरंच कोणीतरी आलेलं असतं, कारण ती ताट बाजूला ठेवून उठते. तिथे तुझी चित्रफीत संपते.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा खण जिनसांप्रमाणे लावलेले होते. पितळी एका बाजूला, शिंपल्याची एका बाजूला, शिंगाची वर. माझे वडील त्या मांडणीवर खूश होते. पण गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, कोटाला हवंय. मग शिडी इकडून तिकडे. वहिनीने वर्षभर पाहिलं आणि एका बंद दिवशी दादाला हाताशी धरून सगळे खण फिरवले, सदऱ्याचे इथे, कोटाचे तिथे. वडील सकाळी आले, भिंतीकडे बघत उभे राहिले, आणि आठवडाभर सुनेशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी म्हणाले, शिडी कमी लागते. तेवढंच, पण तिने ते मला पत्रातून कळवलं होतं, एवढा आनंद झाला होता.

आज तू जी मांडणी वेबसाइटवर केलीस ती तिची आहे, ठके. माळ्यावर कुठे टाकतेस तिला?

आता काढायचं की ठेवायचं ते तू ठरव. मी यापुढे एक अक्षर बोलणार नाही.

आत्या


२० नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचल्यावर चित्रफीत आवाज बंद करून पाहिली, मग पडद्याकडे पाठ करून नुसती ऐकली. ती मला दटावतेय आणि मी तेच दटावणं सजवून दारात टांगलं होतं.

काढली. आता पत्ता घातला की लगेच खण दिसतात. आई आत आहे, खण बघत बघत सगळ्यात खाली गेलं की दुकानाविषयी चार ओळी लिहिल्यात, तिथे. कोणी हात लावला तरच बोलते.

आणि मागण्या यायला लागल्या. भरभरून नाही, पण येतात. एका शिंप्याला जुन्या लांब कोटासाठी काळी बटणं हवी होती. एका नाटकमंडळीला शिपायांच्या अंगरख्यांना पितळी हवीत. एका बाईंनी फोटो पाठवलाय, असं आहे का म्हणून. लोक आत जातात, खणामागून खण उघडतात. मला इथे बसून दिसतं.

पण दोन गोष्टींची काळजी आहे. तो सकाळचा माणूस त्या दिवसापासून आलेला नाही. तो कोणी का असेना, रोजचा होता. आणि बाबा. मागणी कळवली की पाकीट करून पाठवतात, पण फोनवर एक शब्द, "बरं." काल म्हणाले, बंदच करायचंय तर आता कशाला हे. वर्ष संपत आलं. मला रजा नाही. तू जाऊन येशील का?

चित्रफीत परत दारात लावावी का, असंही मनात येतं. तू बोलणार नाही म्हणालीस, तरी विचारते.

ठकी


२ डिसेंबर

चि. ठकीस,

दादाकडून लिहिते आहे. येताना बसमध्ये जागा चांगली मिळाली, देवाची कृपा.

दादा बारीक झालाय, पण तब्येत ठीक आहे. घर स्वच्छ. दुकानात मात्र खणांवर धूळ होती, ती मी न विचारता पुसली आणि त्याने न विचारता पुसू दिली.

काल सकाळी शटर वर करून तो गल्ल्यावर बसला. फोन काढला, बोटाने काहीतरी दाबलं आणि कानाशी धरला. मला वाटलं, कोणाचा फोन आहे. पण बोलेना. मग फोनकडे बघितलं, पुन्हा दाबलं, पुन्हा कानाशी. मग मला विचारलं, तुझा फोन चालतो का नीट? मी माझा जुना बटणांचा फोन दाखवला, म्हटलं, हा काय, दगडासारखा चालतो. तो म्हणाला,

"माझा बिघडलाय. सकाळी एक लागायचं त्यात, ते आता लागत नाही."

काय लागायचं ते मला कळलं होतं. मी विचारलं नाही. गल्ल्याखाली वाकून उगाच फडकं शोधत राहिले, कारण मला त्याच्यासमोर डोळे पुसायचे नव्हते.

तो बूटवाला नव्हता, ठके. भिडस्त गिऱ्हाईकही नव्हता.

थोड्या वेळाने म्हटलं, दादा, तू आत गेलास का कधी? तो म्हणाला, आत कुठे? इतके दिवस स्वतःच्या दुकानात येऊन दारातूनच परत जात होता. म्हटलं, जे लागायचं ते आत आहे, खाली खाली जावं लागतं, खण बघत. चष्मा लाव.

त्याने चष्मा लावला. सदऱ्याची बटणं झाली, कोटाची आली. तिथे बोट थांबलं. म्हणाला, हे शिंग लिहिलंय, हे शिंग नाही, हाड आहे. उठला, खरा खण काढला, बटण घेऊन दारात उजेडाला गेला आणि मला दाखवलं, हाडावर बारीक ठिपके असतात ते. पुन्हा बसला. मग म्हणे, हा रंग खोटा दिसतोय, फोटो दिव्याखाली काढला असणार पोरीने. मग आणखी एक खण. जेवायला तीनदा हाक मारली. फोन बिघडलाय हे विसरूनच गेला.

दुपार कलल्यावर तो अगदी खाली पोचला असावा, कारण दुकानात एकदम वहिनी बोलायला लागली. कानाशी धरायचं राहून गेलं होतं, आवाज मोठा होता. मी पेले विसळायच्या निमित्ताने आतल्या खोलीत गेले आणि ते पुष्कळ वेळ विसळले.

संध्याकाळी त्याच्या कानावर घातलं की चित्रफीत परत दारात लावू का असं तू विचारतेस. म्हणाला, तिला मी लिहितो. त्याने कधी पत्र लिहिलेलं मला आठवत नाही, तरी मी कॅलेंडरची एक पाठ काढून ठेवली आहे.

आत्या


१८ डिसेंबर

ठके,

मला पत्र लिहिता येत नाही. कामाचं लिहितो.

एक. कोटाच्या खणात हाडाची बटणं शिंगाची म्हणून लिहिली आहेत, ती बदल. कोणी विश्वासाने मागवील आणि फसेल.

दोन. फोटो दिव्याखाली काढू नकोस. मी दाराशी, सकाळच्या उजेडात काढून पाठवत जाईन. कसे पाठवायचे ते तुझ्या आत्याला लिही, ती मला वाचून दाखवते. तिला फोनमधलं काही कळत नाही, पण धीर चांगला देते.

तीन. फोटो पाठवणाऱ्या त्या बाईंना हवं तसं बटण आपल्याकडे नाही. नाही म्हणून परस्पर कळवू नकोस. मी जुन्या शिंप्यांकडे विचारतोय.

चार. लोकरीच्या कपड्यांच्या बटणांचं माप लिहायचं राहिलंय. माप नसलं तर माणूस अंदाजाने घेत नाही, निघून जातो.

चित्रफीत दारात लावू नकोस. तू लावलीस ते मला आवडलं होतं, तुला सांगितलं नाही. पण मी रोज तिथेच बसून राहायचो आणि माझ्यामागे लोक ताटकळत होते, हे मला कुठे माहीत. तुझ्या आईने कोणाला दारात उभं ठेवलं नाही. आहे तिथेच असू दे.

बूटवाल्याला काल नाही म्हणून सांगितलं. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, कामं आहेत. त्याला राग आला नाही, जाताना बंडीची बटणं घेऊन गेला.

सकाळी मी आत जाऊन तिचं बोलणं ऐकतो. पण हल्ली पुरतं ऐकून होत नाही. मध्येच कोणाचं तरी काहीतरी येतं, आणि उठावं लागतं.

बाबा